ब्लॉगवर आलेल्याला आधी पाणी

मोताळ्याच्या आमच्या घरमालक काकांइतका आतिथ्यशील माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने निदान इंटरनेटवर पाहुण्यांना पाणी विचारलं नसेल. कपाशीवर ब्लॉग काढायचं काकांच्या मनात आलं तेव्हा लेखनिक म्हणून भाडेकरू, म्हणजे मी, आयताच सापडलो. नव्या वाचकांच्या स्वागताचं पान लिहायला आम्हाला चार रविवार लागले. "लिवा सर, आले, बरं झालं. बसा. पानी घ्या." मी म्हटलं, काका, वाचक पाणी कसं पिणार? "नाई पेला त नाई पेला. इचारनं आपलं काम हाये."

मग नियम. प्रत्येकाने आधी आपलं गाव सांगायचं. ज्याने जन्मात कपाशी निंदली नाही त्याने सल्ला द्यायचा नाही. या नियमाखाली एका प्राध्यापकांना त्यांनी 'कधी आले त जेवून जा' असं लिहून अत्यंत प्रेमाने हाकललं. आणि 'म्या सांगतलं नव्हतं काय?' हे वाक्य इथे कोणी कोणाला ऐकवायचं नाही. हा नियम मात्र त्यांनी ठळक अक्षरांत टाइप करून घेतला.

कारण मला काकूंनी सांगितलं. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची एक लहान पुडी येते. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे बोंडअळी बीटीला लवकर सरावत नाही. सगळा गाव ती पुडी बांधावर फेकायचा. काका मात्र लोकांच्या बांधावरून पुड्या वेचत फिरायचे. "अळीचाबी वाटा असते," म्हणायचे. रोहिणखेडला काकांच्या बांधाला बांध लागून धाकट्या भावाचं शेत. त्यानेही पुडी फेकलीच. पुढे गुलाबी अळी आली आणि तिने दोघांच्याही शेतात सारखाच मुक्काम ठोकला. तरी काकांनी वेचणीच्या बायांदेखत धाकट्याला ते वाक्य ऐकवलं. तेव्हापासून दोन वर्षं धाकट्याने मोताळ्याची पायरी चढली नव्हती.

मी म्हटलं, जाऊन माफी मागा. काका चिडले. "काऊन? चारचौघात बोललो, मंग चारचौघातच वापस घेतलं पाह्यजे. लिवा! लहान्या, बियान्याचं माह्यं बरोबर होतं. बोलनं चुकलं." स्वागताच्या पानाखाली ही ओळ गेली. नवे वाचक बुचकळ्यात पडले. कोण हा लहान्या, असं पुष्कळांनी विचारलं. काका कोणालाच उत्तर देऊ देईनात.

पोळ्यानंतर एके दिवशी त्याखाली उमटलं: 'भाऊ, दिवाळीले येतो. वैनीले सांगजो.' काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. काय उत्तर लिहू?

"ये."

"पुढे?"

"पुढचं तो आल्यावर."

त्या दिवाळीला मी गावी गेलो नाही. काकांबरोबर, काही काम नसताना, मीही स्टँडवर उभा राहिलो. रोहिणखेडकडच्या दोन गाड्या तशाच गेल्या. तिसरीतून धाकटे उतरले, आणि मला पानंच्या पानं सांगणाऱ्या काकांनी "पानी घेतो काय?" एवढंच विचारलं. धाकट्यांनीच त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला. मी मुद्दाम मागे राहिलो.

मोताळा सोडून बराच काळ झाला. मलाही एक भाऊ आहे. त्याला 'बोलणं चुकलं' एवढी एक ओळ लिहिणं अजून माझ्याच्याने झालेलं नाही.