बमरोलीचा ब्राउन बेल्ट

आमच्या कराटे क्लासमधले दोघं एखाद्या लग्नात भेटले की नवरदेवाकडे कोण बघतो! एकाने किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि घरचे जेवायला हाका मारून थकतात.

नव्वदच्या दशकातली, सुरतेतली गोष्ट. वाल्मिक सर पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला आणि सकाळी बमरोलीत आमच्या चाळीच्या गच्चीवर गुरू. जपानी आकडे त्यांना पाचपर्यंतच येत. "इची, नी, सान, शी, गो!" पुढे बिनधास्त, "छ, सात, आठ!" जपानमध्येही गुजराती चालतं, असंच मला कितीतरी दिवस वाटायचं.

*

बेल्ट सर मिलमध्येच रंगवून आणायचे. पण रंग मिलच्या ऑर्डरचा! एकदा ग्रीन बेल्ट पास झालेल्या अकरा जणांना राणी कलर मिळाला. आम्ही कुरकुरलो, तर सर म्हणाले, "लग्नसराई आहे बाबा. इस महिने राणीच चालू आहे!"

*

आमच्यातल्या भटूला मात्र ब्राउन बेल्ट हवाच होता. त्याचे वडील, नाना, कापड विणायच्या लूमवर कामाला. त्यांनी बजावलं होतं, "बेल्ट लई उना त कॉलेज, नहीं त लूम!"

बिचाऱ्याने प्रॅक्टिससाठी घरावरचीच कौलं काढून फोडली. रात्रपाळी करून झोपलेल्या नानांच्या तोंडावर ऊन आलं. त्यांनी वर आभाळ बघितलं आणि म्हणाले, "आते भिंत तं ऱ्हाऊ दे रे भो!"

*

परीक्षा भेस्तानला. भटूची फाइट एका धिप्पाड पोराशी, तो सुट्टीत लूम चालवायचा. आणखी एक पॉइंट गेला की भटू नापास. 

लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, तिथे सगळं हाताने सांगतात. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की समजायचं, धागा तुटला, मशीन बंद!

पहिल्या रांगेतले नाना अचानक उठले आणि त्यांनी तसेच हात धरले. तो पोरगा जागच्या जागी थांबला. पंच असलेले सर थांबले. अर्धा हॉल लूमवाल्यांचाच, तोही थांबला! एकटा भटू नाही थांबला. नानांनी त्याला कधी लूमच्या कारखान्यात पाऊलच टाकू दिलं नव्हतं. त्याने सणसणीत किक मारली. पॉइंट! पास!

भटूने दोन्ही हात वर केले, तशी त्याची पँट खाली घसरली. हॉल हसायला लागला.

सर नानांवर भडकले, "नाना, हा इशारा कशाला केला?"

नाना शांतपणे म्हणाले, "पोऱ्यानी नाडी तुटनी व्हती ना!"