मन्मथ नावाची पायरी

ज्या रविवारी मी डोंगरातली शर्यत पुरी केली, त्याच रविवारी दुपारी शेषूकाका गेले. मी कोल्लीमलईच्या डोंगरातून बसने घरी, कुंभकोणमला निघाले होते आणि माझा फोन बंद होता. तो मीच बंद ठेवला होता.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. भूगोलाचे शिक्षक. नोकरीभर त्यांनी फळ्यावर डोंगर काढले, आणि राहिले मात्र अशा मुलखात की जिथे देवळाच्या गोपुराहून उंच काही दिसत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. डोंगरवाटांवरून धावणाऱ्या लोकांबद्दल वाचत आले होते, आणि एकदा कॉफी पिताना सहज बोलून गेले, की आपणही एकदा धावून पाहावं. वय सेहेचाळीस, डोळ्यांवर जाड चष्मा... काकू हसल्या. काका हसले नाहीत. म्हणाले, ‘‘वाचून काय होतंय, मीनू? नाव दे. मी बघतों.’’ आमच्या घरची मराठी अशीच आहे, इथे तीनशे वर्षं राहून तमिळच्या चालीवर वळलेली. मी पुस्तकं वाचून महाराष्ट्रातली मराठी शिकले, म्हणून ते मला ‘पुणेकरीण’ म्हणून चिडवत, आणि स्वतः कधी पुण्याला गेलेले नव्हते.

पहाटे मी इन्नंबूरच्या भातशेतांमधल्या बांधांवरून धावायची आणि ते सडकेने मोपेडवरून येत. पण चढ कुठून आणायचा? त्यावर त्यांनीच तोड काढली. स्वामिमलईला देवळाच्या साठ पायऱ्या आहेत, तमिळ पंचांगातल्या साठ संवत्सरांची नावं असलेल्या. त्याच माझा डोंगर झाल्या. अनवाणी चढायचं, वर नमस्कार, पुन्हा खाली. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना जास्त चढायला मनाई केली होती, म्हणून ते निम्म्यावर, आपल्या जन्माच्या ‘मन्मथ’ संवत्सराच्या पायरीवर कडेला बसत. एकदा मी म्हटलं, एक पायरी वर बसा, तिथे सावली आहे. म्हणाले, ‘‘पुढची दुर्मुखी. तिथे बसलों तर तुझ्या काकूसारखा दिसेन.’’ काकू खालून ओरडल्या, ‘‘आणि मन्मथ म्हणे! पोट बघा आधी!’’

घामाने चष्मा घसरायचा, म्हणून मी तो त्यांच्याकडे द्यायची. ते तो पुसायच्या फडक्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवत. वरून पाहिलं की ते मला पांढऱ्या डागासारखे दिसत, आणि त्या डागातून आवाज येई, ‘‘मेदुवा, मेदुवा!’’ म्हणजे हळू. चढताना त्यांनी मला कधी अडवलं नाही. उतरताना मात्र पळू द्यायचे नाहीत. देवाकडे पाठ करून कुणी पळतं का, असं त्यांचं म्हणणं. आम्हां दोघांनाही सुचलं नाही, की डोंगरात निम्मी शर्यत उतरायची असते.

ते कोल्लीमलईला कळलं. चढावर मी कितीतरी तरुण मुलांना मागे टाकलं. माथ्यावरून वाट खाली वळली आणि गुडघे लटपटायला लागले. मागे टाकलेले सगळे भराभर पुढे निघून गेले. मी झाडांना धरून, बसून, घसरत उतरले. आणि तरी सांगते, एवढी खूश मी कधी झाले नव्हते. काकांना हे कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते. ‘भूगोलाचे मास्तर, तुम्ही उतार शिकवलाच नाहीत...’ ते पोटभर हसतील, हे मला दिसत होतं.

शेवटाला पोचल्यावर ठेवायला दिलेली पिशवी परत मिळाली. आजूबाजूचे सगळे घरी फोन लावत होते. मीही फोन हातात घेतला. मग वाटलं, फोनवर सांगण्याची ही गोष्ट नाही. उद्या पहाटे स्वामिमलईला जाऊ, पायरीवर बसून सांगू, त्यांचं तोंड बघत सांगू. मी फोन तसाच बंद ठेवला आणि तिथे मिळालेला लिंबूभात सावकाश खाल्ला.

त्रिचीच्या बसस्टँडवर फोन सुरू केला. घरी पोचले तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती. काकूंनी मला रडू दिलं, मग कुणी न विचारता सांगितलं. सकाळी छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं. तिथे ते एकच विचारत राहिले, ‘‘मीनू खाली आली का?’’ चढली का, असं एकदाही विचारलं नाही. काकूंचे फोन मला लागत नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘आली. उतरली.’’ त्यावर काकांनी विचारलं, ‘‘ती फोन केली का?’’

काकू म्हणाल्या, ‘‘तिथे मला खोटं बोलता आलं नाही, मीनू.’’

मी तेव्हा खाली पोचलेली होते. वेळा जुळवून पाहिल्या आहेत, पुन्हा पाहणार नाही. मला दोष कुणी दिला नाही. काकू तर उलट मलाच समजावतात, की उतार त्यांच्या मनाला लागला होता, माझा फोन नव्हे. मला ते पटत नाही. ज्या आनंदाला मी जपून ठेवत होते, त्यातला एक शब्द त्यांना पुरला असता.

सुतक संपल्यावर दवाखान्यातून आलेल्या त्यांच्या शर्टाच्या खिशात काकूंना चष्मा पुसायचं माझं फडकं सापडलं. घडी घातलेलं. ते मी घेतलं.

स्वामिमलईला मी अजून जाते. आता चष्मा घालूनच चढते. उतरताना पळत नाही. वरून मन्मथाची पायरी स्वच्छ दिसते, नावासकट. तिच्यावर कुणी बसलेलं नसतं.