चुन्याखालचं नाव

साळवे सरांबरोबर परभणीत पायी कुठं जायचं म्हणजे हाताशी भरपूर वेळ ठेवूनच निघावं लागे. चालता चालता ते मध्येच थांबत, कुणाच्याही घराच्या भिंतीवर तळवा टेकवत आणि डोळे मिटून उभे राहत. बाजारात बैल घेणारा माणूस पाठ चाचपतो, तसे ते भिंत चाचपत. घरमालक दारात येऊन "काय पाहिजे?" म्हणून विचारी. सर शांतपणे सांगत, "काही नको. भिंत लय गुणी हाय तुमची. हिला अशी उघडी ठेवू नका." एकदा सेलूला एका लग्नात त्यांनी मंगल कार्यालयाची भिंत चाचपली, तर मालकाला वाटलं हे बांधकाम खात्याचे साहेब आहेत. त्या दिवशी आमच्या ताटात जिलेबी जरा जास्तच पडली.

आम्ही एकाच शाळेत होतो आणि राहायलाही एकाच गल्लीत. मी गणित शिकवायचो, ते चित्रकला. परीक्षा जवळ आली की त्यांचे तास बाकीचे विषय खाऊन टाकत. ते कधी भांडले नाहीत. "न्या खुशाल. चित्रावाचून कुणाचं अडत न्हाई," एवढंच म्हणत. पण हे त्यांना लागत असणार. निवृत्तीनंतर त्यांनी एकच ध्यास घेतला, तो म्हणजे आपली गल्ली रंगवायची. शाळेनं जे दिलं नाही ते त्यांना गल्लीकडून हवं होतं, असं मला आता वाटतं.

त्याच सुमारास शहरातल्या वस्त्यांमध्ये भित्तिचित्रं काढण्यासाठी सरकारी अनुदान मिळणार अशी बातमी आली. महापालिकेनं प्रस्ताव करायला घेतला. सरांनी चकरा मारून मारून आमचीच गल्ली त्यात घालून घेतली. महापालिकेच्या साहेबांची अट एकच होती. पाहणीला माणसं येतील तेव्हा सगळ्या भिंती एकसारख्या पांढऱ्या दिसल्या पाहिजेत. सर दारोदार सांगत फिरले, "भिंत म्हणजे गल्लीचं तोंड. पावणे यायच्या आधी तोंड धुवून घ्या." लोकांनी हसत हसत चुना कालवला. राहिली फक्त चंद्रकलाबाईंची भिंत.

आमच्याकडं लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, केळीचे खांब आणि खाली नवरानवरीची नावं रंगवून घेतात. पुढं कितीतरी वर्षं ती उन्हात फिकी होत तिथंच राहतात. चंद्रकलाबाईंच्या भिंतीवर त्यांच्या संतोषचं नाव होतं. संतोष आमच्याच शाळेतला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच गंगाखेडच्या रस्त्यावर अपघातात गेला. सून माहेरी गेली, पुढं तिचं दुसरं लग्न झालं, आणि ते बरंच झालं. बाई दिवाळीला सगळं घर रंगवत, तेवढा तुकडा सोडून.

सर त्यांच्याकडं गेले तेव्हा मी बरोबर होतो.

"ताई, अनुदान आलं की पहिलं चित्र तुमच्या भिंतीवर. संतोषचं. मी स्वतः काढणार."

"आन् नाव?"

"नाव बी मीच लिहितो. आतापेक्षा ठसठशीत."

बाईंनी पदरानं नावावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "त्याचे मास्तर तुमी. तुमच्यावर भरोसा हाय."

चुना सरांनी स्वतः मारला. ओल्या चुन्यातून नाव दिसत होतं. वाळल्यावरही अंधूक दिसत राहिलं, म्हणून त्यांनी वरून दुसरा हात मारला. बाई तोपर्यंत आत निघून गेल्या होत्या.

पाहणीची माणसं आली, चहा प्याली, गल्लीचं कौतुक करून गेली. काही महिन्यांनी कळलं की अनुदान दुसऱ्या शहरांना मिळालं. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी बघू. दुसऱ्या दिवशी सर पदरमोड करून रंगाचे डबे घेऊन आले आणि मला बरोबर घेऊन चंद्रकलाबाईंच्या दारात उभे राहिले.

बाईंनी डब्यांकडं पाहिलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "मास्तर, हे लगनाच्या आधी काढतेत. आता कुणाचं लगीन हाय?"

सरांनी डबे परत उचलले. परतताना ते मला म्हणाले, "त्या बाईचं पोरगं मी दुसऱ्यांदा नेलं, सर." मी तोंडदेखली समजूत घातली, पण त्यांचं बरोबर होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानंतर त्यांनी कुणाच्या भिंतीला हात लावलेला मी पाहिला नाही.

मात्र रोज संध्याकाळी ते बाईंच्या पायरीवर जाऊन बसू लागले. शाळेतला संतोष सांगत. हा पोरगा कुठलाही विषय दिला तरी ट्रकच काढायचा. पावसाळ्याचं चित्र काढ म्हटलं तर चिखलात रुतलेला ट्रक, दिवाळी म्हटलं तर दिवे लावलेला ट्रक. बाई तेच तेच पुन्हा विचारत आणि सर पहिल्यांदाच सांगतोय असं सांगत. तब्येत खालावल्यावरही काठी टेकत जात. मी एकदा म्हणालो, आज राहू द्या. "तिकडं वाट बघायल्यात," म्हणाले आणि चपला शोधू लागले.

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. त्यांच्या जलदानविधीला शाळेतली, महापालिकेतली बरीच माणसं होती. कुणी त्यांच्या कलेबद्दल बोललं, कुणी त्या हुकलेल्या अनुदानाबद्दल. चंद्रकलाबाई मागं एका कोपऱ्यात बसल्या होत्या. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

त्याच म्हणाल्या, "भिंतीवरचं गेलं तवा मास्तरांचा लय राग आला होता. पन ते रोज येऊन त्याचं नाव घ्यायचे." मग पदर डोळ्यांना लावून त्यांनी विचारलं, "आता माझ्या पोराचं नाव कोन घेईल?"