गावडेमावशींचा पुठ्ठा

मुलुंडच्या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी माझं स्वागत कोणी केलं नाही. तपासणी मात्र झाली. दोन्ही हातांत पिशव्या, बगलेत साखरेची बरणी, अशा अवतारात मी दुसऱ्या मजल्यावर पोचतोय तोच समोरचं दार उघडलं. पदर खोचलेली, साठीच्या पुढची एक बुटकी बाई बाहेर आली, माझ्या बगलेतली बरणी तिनं हक्कानं ओढून घेतली आणि जिन्याच्या खिडकीसमोर धरली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग उलटी. साखर झाकणात आणि जीव माझ्या घशात!

"बुडबुडो हा," ती म्हणाली. "खाली, कोपऱ्यात. साखरेक चालात. दिव्याक नाय चालाचो." बरणी परत माझ्या बगलेत खोचून तिनं दार लावून घेतलं.

मी आत येऊन बायकोला म्हटलं, "नीता, समोर एक तर वेडी राहते, नाहीतर कस्टमवाली."

दोन्ही अंदाज चुकले. त्या गावडेमावशी. तीस वर्षं एका औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या तपासायला होत्या. वर ट्यूबलाइट, समोर अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी, हातात बाटली. काळा कण पांढऱ्यासमोर दिसतो, पांढरा तंतू काळ्यासमोर. काही दिसलं की बाटली डावीकडच्या ट्रेमध्ये. रिजेक्ट. मावशी रिटायर झाल्या, पण डोळ्यांना ते कोणी कळवलं नव्हतं. नव्या शर्टाच्या घडीत निघतो तसल्या पुठ्ठ्याची अर्धी बाजू त्यांनी बुटाच्या काळ्या पॉलिशनं रंगवली होती आणि तो पुठ्ठा स्वयंपाकघरातल्या खिडकीत कायम उभा असे. चहाचा ग्लाससुद्धा त्याच्यासमोरून गेल्याशिवाय ओठांना लागत नसे.

माणसांनाही तोच न्याय. लेकीला सांगून आलेल्या एका स्थळाची गोष्ट त्या रंगवून सांगत. "आमच्या नातेवाइकांत बसवला, तेव्हा बरा वाटला. म्हणजे काळ्यासमोर बघितला. मग शेजारच्या मास्तरांकडे नेऊन बसवला. पांढऱ्यासमोर लगेच दिसलं. रिजेक्ट!"

"पण तुमचे नातेवाईक काळे का, मावशी?"

"तू बघितलेले नाहीस म्हणून विचारतोस."

आयुष्यभर बाटल्या नाकारल्याचं प्रायश्चित्त म्हणा की काय, रिटायर झाल्यावर त्यांनी टाकाऊ बाटल्यांना घर द्यायचं व्रत घेतलं. जॅमची, लोणच्याची, मधाची, चटणीची, कसलीही छोटी काचेची बरणी असो, तिचा त्या दिवा करत. बरणी कोमट पाण्यात भिजवून लेबल सोलायचं, राहिलेला चिकटा खोबरेल तेल आणि खायच्या सोड्यानं घासायचा, वास जाईपर्यंत उन्हात ठेवायची. मग पतंगाच्या कागदाची नक्षी कापून बाहेरून चिकटवायची, गळ्याला सुतळी गुंडाळायची, तळाला जाडं मीठ आणि मिठावर मेणबत्तीची छोटी वाटी. पेटवली की लाल-निळा उजेड भिंतीभर सांडायचा. पण त्याआधी परीक्षा. पुठ्ठ्यासमोर धरून बघायची आणि नखानं टिचकी मारायची. आवाज 'टण्ण' आला तर पास. "गरम झाल्यावर फुटणारी बरणी मी कोणाच्या घरात नाय पाठवायची," त्या म्हणत.

कच्चा माल इमारतीतूनच यायचा, आणि तो यायची वाट बघण्याइतका धीर मावशींकडे नव्हता. त्या आमच्याकडे येत त्या थेट फ्रिज उघडत. "लोणचा किती उरला गो नीता? एवढासाच? खाऊन टाका की!" एकदा आमच्याकडे मधाची षट्कोनी बाटली आली. मावशींची नजर तिच्यावर पडली आणि आमच्या घराचं स्वातंत्र्य संपलं. चार दिवस पोळीला मध, ब्रेडला मध, लिंबूपाण्यात मध. पाचव्या दिवशी नीतानं आमटीत गुळाऐवजी मध घातला. मी पहिला घास घेतला आणि उठून उरलेली बाटली ताटलीत उपडी केली. धुऊन समोर नेऊन दिली तेव्हा मावशी ती छातीशी धरून म्हणाल्या, "किती मनापासून जेवता रे तुम्ही!"

दर दिवाळीला इमारतीतल्या सोळाही घरांत मावशींचा एकेक दिवा जाई. गेल्या दिवाळीला आमच्या वाट्याला तीच षट्कोनी बाटली आली. मी कौतुकानं ती ट्यूबलाइटसमोर धरली. मावशींच्या शेजारात राहून ही खोड लागतेच. कागदाची वेल एका बाजूला घसरली होती. फूल एकीकडे, देठ दुसरीकडे. आणि काठापासून तळापर्यंत, केसासारखा बारीक, तडा.

मी नीताला हाक मारून दाखवलं. गावडेमावशींनी तडा पास केला होता!

"त्यांना दिसत नाहीये," नीता हळूच म्हणाली. "मोतीबिंदू असणार. सांग त्यांना."

"तू सांग."

"तुझी लाडकी मावशी ना? तू सांग."

मी सांगितलं नाही. मेणबत्ती काढून आत बॅटरीवरचा दिवा ठेवला आणि बाटली शोकेसमध्ये मिरवली. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन जिन्यात भेटल्या. त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "तुमच्यावाला पण वाकडा आला ना? माझ्यावर तर मोर उलटा आहे, पाय वर! पण बोलायचा नाय हां, मावशीला वाईट वाटेल." असं आम्ही सगळ्यांनी मिळून, अतिशय प्रेमानं, एका बाईला फसवायला सुरुवात केली.

हे नाटक संक्रांतीपर्यंत चाललं. हळदीकुंकवाला मावशी आमच्याकडे आल्या, शोकेसपाशी थांबल्या आणि सवयीनं त्या बाटलीला टिचकी मारली.

'टक.'

खोलीतल्या सगळ्या बायका वळून बघू लागल्या. मावशींनी परत टिचकी मारली. 'टक.' दिवाळीच्या घाईत टिचकी राहून गेली असणार; डोळ्यांनी सोडलेलं आता कानानं पकडलं होतं. त्यांनी बोट काचेवरून फिरवलं, तडा सापडला. मग आत हात घातला, बॅटरीचा दिवा बाहेर काढला आणि माझ्याकडे वळल्या.

"नंद्या, कधीपासून माहीत हा तुका?"

"दिवाळीपासून."

"आणि बोललास नाय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मेल्या, मी वाईट वाटेल म्हणून एक बाटली पास केली असती, तर कोणाच्या शिरेत काय गेलं असतं?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बाकीच्या घरांत काय दिलंय मी? कोणाकडे पेटवलीय?"

आमची बाटली त्यांनी तेव्हाच उचलून नेली आणि दुसऱ्या दिवशी उरलेली पंधरा घरं फिरून आपले दिवे मागायला लागल्या. आता आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. हंसाबेननी उलट्या मोरात शेंगदाण्याची चिक्की भरली. कोणी तिळाचे लाडू, कोणी साखर, कोणी नुसते फुटाणे. फेरी संपली तेव्हा मावशींच्या ओट्यावर पंधरा बरण्या काठोकाठ भरून उभ्या होत्या आणि मावशी डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "आता ह्या तपासू कशा? आधी खाव्या लागतील!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "हसू नको. तपासणार तरी कोणत्या डोळ्यांनी?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. बोरीवलीची लेक वर्षभर ऑपरेशनसाठी मागे लागली होती आणि मावशी टाळत होत्या. मला वाटलं, सुरीची भीती. छे! "डोळ्यात औषध घालतात. इंजेक्शन देतात. मी तीस वर्षं डावीकडचा ट्रे भरताना बघितलाय रे. आता माझ्याच डोळ्यात जाणारी बाटली कोण बघणार? माका तर दिसत नाय!"

मी खिडकीतला पुठ्ठा उचलला आणि म्हटलं, "हा बरोबर घेऊ."

ऑपरेशनच्या दिवशी लेक खाली फॉर्म भरत होती. वर आम्ही तिघं: मावशी, मी आणि हातात भुलीच्या औषधाची बाटली घेतलेली एक तरुण सिस्टर. मावशींनी फर्मान सोडलं, "बाटली ह्याच्या हातात दे."

"आजी, असं नाही करता येत."

"मग तू धर. हा बघेल. मी तुझ्याच लाइनीतली हा गो. समज म्हातारीचं खूळ."

सिस्टरला हसू आवरेना, पण तिनं बाटली धरली. मी पुठ्ठा मागे उभा केला. गंमत म्हणून आलो होतो, खरं सांगतो. दोन मिनिटांचं नाटक, 'पास' म्हणायचं आणि म्हातारीला आत पाठवायचं, एवढाच बेत होता. तेवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं.

"नंद्या, ह्या वेळेक खरा सांग हां."

नाटक तिथंच संपलं. मी पांढऱ्यासमोर बघितलं. काळ्यासमोर बघितलं. काळ्यासमोर एक पांढरा ठिपका दिसला. 'काही नाही' हे शब्द अगदी जिभेवर आले होते, सवयीचे, प्रेमाचे. ते मी गिळले.

"मावशी, ठिपका आहे."

सिस्टरचं हसू गेलं. मावशींची बोटं मात्र माझ्या मनगटावर सैल झाली. "बाटली हळू फिरव गो," त्या सिस्टरला म्हणाल्या. मग मला: "ठिपको औषधाबरोबर फिरता, की काचेबरोबर?"

"काचेबरोबर."

"मग भायर हा. पुसून बघ."

सिस्टरनं कापसानं पुसलं. मी परत बघितलं, दोन्ही रंगांसमोर, अगदी सावकाश. "नाही आता. पास."

"पास," मावशी म्हणाल्या, आणि स्वतःहून उठून आत गेल्या.

पट्टी निघाली, नवा चष्मा आला. पंधरा बरण्यांतला खाऊ सगळ्या इमारतीनं मिळून संपवला आणि मावशींनी दिव्यांची फेरतपासणी केली. आमची षट्कोनी सोडली तर काच सगळी शाबूत निघाली. उलटा मोर सरळ करायला हंसाबेननी साफ नकार दिला.

मला मात्र नोकरी लागली. आता प्रत्येक बरणी आधी त्या बघतात, मग मी. "दोन डोळ्यांवर भरवसा ठेवायचो नाय," त्या म्हणतात. "चार लागतत." परवा त्यांनी पास केलेली एक सुबक बरणी मी पुठ्ठ्यासमोर धरली, फिरवली आणि घसा साफ केला.

"मावशी, रिजेक्ट."

"खंय?"

"खाली, कोपऱ्यात. बुडबुडा."

त्यांनी चष्मा नीट बसवला, बरणी तिरकी केली, बराच वेळ बघितलं. मग चेहराभर हसू पसरलं आणि माझ्या पाठीत सणसणीत धपाटा बसला. "बरोबर, मेल्या!"

बरणी त्यांनी माझ्याच हातात ठेवली. त्याआधी तिच्यात आमसुलं भरायला विसरल्या नाहीत.