मोरी-सानची नुकसानभरपाई

दुकानातला माल संपतो, किस्से संपत नाहीत. आम्ही बायका मागच्या खोलीत चहाला बसलो की कालचा किस्सा खपायच्या आत आजचा ताजा येऊन पडायचा.

नव्वदच्या दशकात नवऱ्याला कंपनीने योकोहामाला पाठवलं. तो दिवसभर ऑफिसात, मी खिडकीत. शेवटी घराजवळच्या सुपरमार्केटात पार्ट-टाइम लागले. मालकांचं आडनाव मोरी, आणि तिकडे प्रत्येक नावामागे आदराने 'सान' लावतात. पुण्याला आईला फोनवर सांगितलं, "मोरी-सानकडे कामाला लागले." ती म्हणाली, "एवढं शिकून मोरीत?"

मोरी-सानना उचलेगिरीचा फार ताप होता. पोलीस दम देऊन सोडायचे, माणसं पुन्हा यायची. मग एका वकिलाने त्यांना समजावलं, की पोलिसांचं काम वेगळं. दुकानदार स्वतः दिवाणी कोर्टात जाऊन चोराकडून नुकसानभरपाई मागू शकतो. मोरी-सान हरखलेच. दुसऱ्या दिवशी दारात पाटी लागली: 'येथे चोरी झाल्यास नुकसानभरपाई वसूल केली जाईल.'

पाटी वाचून पहिल्या आत आल्या त्या एक आजीबाई. "तुमच्या दारातल्या स्टँडमधून माझी छत्री गेली. करा वसूल."

त्या दिवशी मोरी-सान भिजत घरी गेले. त्यांची छत्री आजीबाई घेऊन गेल्या होत्या.

*

एकदा कॉलेजातला एक मुलगा दाढीची पाती खिशात घालताना सापडला. वडील धावत आले. त्यांचं नूडल्सचं दुकान होतं. मोरी-साननी शांतपणे सांगितलं, "पात्यांचं जाऊ द्या. पण आमच्या माणसांचा वेळ गेला, त्याची भरपाई?"

वडील कमरेत वाकले. "मान्य आहे. पण ऐन जेवणाच्या वेळी दुकान बंद करून मी आलो. माझी भरपाई कोण देणार?"

मोरी-सान विचारात पडले. तेही दुकानदारच. मग दोघांनी एकदमच वळून मुलाकडे पाहिलं.

तो उन्हाळाभर बापाकडे वाडगे धूत होता. आम्ही मुद्दाम जाऊन बघून आलो. नूडल्सही चांगले होते.

*

पुढे मोरी-साननी साध्या कपड्यातली एक पहारेकरीण नेमली, पण सांगितलं कुणालाच नाही. सुट्टीच्या दिवशी मी भाजी घ्यायला गेले, तर जाडा कोट घातलेली एक बाई उगाच इकडेतिकडे रेंगाळत होती. मी तिच्या मागे लागले. ती लोणच्यांकडे, मी लोणच्यांकडे. ती मासळीकडे, मी मासळीकडे. शेवटी दोघींनी एकाच वेळी एकमेकींचं मनगट धरलं.

मोरी-सान आले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोघीही छान काम करता."

*

ओकादा-सान मात्र आमचे रोजचे गिऱ्हाईक. निवृत्त हेडमास्तर, एकटेच राहायचे. सकाळी टाय लावून दुकानात यायचे. एके दिवशी त्यांनी माशाचा डबा पिशवीत सरकवताना मी पाहिलं. आधीही दोनदा मोरी-साननी त्यांना समज देऊन सोडलं होतं. या वेळी मोरी-सान कोर्टात गेले. डोळ्यांनी पाहणारी मीच, म्हणून मलाही सोबत नेलं.

समेट घडवायला बसलेल्या बाईंनी विचारलं, "डबा परत मिळाला?"

"हो."

"आधीच्या वस्तूंचे पैसे?"

"त्यांनी दिले."

"मग तुमचं नुकसान काय झालं?"

मोरी-साननी ओकादा-सानकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे रोज सकाळी येतात. पूर्वी मी यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. आता पिशवीकडे बघतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "याची भरपाई मला देववता येणार नाही."

ओकादा-सान मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकान उघडलं, तर ते दारात उभे. टाय लावलेला. त्यांनी आपली पिशवी दोन्ही हातांनी मोरी-सानपुढे धरली. मोरी-साननी ती दोन्ही हातांनी घेतली. ओकादा-सान मोकळ्या हातांनी आत गेले, आणि ते बाहेर येईपर्यंत आमचे मालक ती पिशवी पोटाशी धरून दारातच उभे राहिले.