थर्मासातली पेज

भोरच्या कचेरीतले कारकून गंगाधरराव खाण्याला पार कंटाळले होते. वर्षानुवर्षं आंबट पाणी घशाशी यायचं, म्हणून एकाहत्तर साली त्यांनी पुण्याला जाऊन पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवून टाकला. आंबट पाणी थांबलं, पण त्याबरोबर ढेकरही थांबला. चहा बंद, तिखट बंद, भाकरी बंद. कोमट पेज घोटघोट प्यायची, आणि वाटी संपेस्तोवर पुढच्या वाटीची वेळ झालेली. देवानं माणसाला पोट दिलंच कशाला, असं त्यांना रोज वाटे.

त्यांच्या रजेत टेबलाचं सगळं काम जगननं ओढलं. जगन शिवऱ्याच्या बौद्ध वस्तीतला, कचेरीत त्यांच्या शेजारी बसणारा. एवढ्या वर्षांत गंगाधरराव त्याच्या घरी कधी गेले नव्हते. त्यानं बोलावलं नव्हतं, यांनी विषय काढला नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही ते सोयीचंच होतं. आता मात्र आपण होऊन जावं आणि आभार मानावेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. निघताना पत्नी मालिनीनं पेजेनं भरलेला थर्मास पिशवीत ठेवला. "बाहेरचं काही तोंडात घालू नका," ती म्हणाली.

एसटीच्या धक्क्यांनी टाक्यांची जागा ठणकायला लागली. जगनच्या ओसरीवर टेकेपर्यंत त्यांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. जगनची आई भामाबाई चहाची कपबशी घेऊन बाहेर आली.

"जगन लई नाव काढतो तुमचं. घ्या."

"मला चहा चालत नाही हो, मावशी. पोटाचं ऑपरेशन झालंय."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण थकव्यानं त्यांची अक्कल गहाण पडली असावी. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात आपली पेज ओतून घेतली.

कपबशी उचलून भामाबाई आत वळली. जगनला ऑपरेशनचं सगळं ठाऊक होतं, तरी तोही मान खाली घालून बसला. आपण कुणाच्या घरी येऊन काय करून बसलो, हे तेव्हा कुठं गंगाधररावांच्या ध्यानात आलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, तो चहा आणा इकडे."

"नगं. तुमाला चालत न्हाई म्हनता."

"आणा हो."

त्यांनी बशीत ओतून तो प्यायला. दोन-तीन घोटांतच पोट तट्ट फुगलं, छातीखाली कळ उठली, ढेकर काही येईना. पोट धरून ते वाकले, कपाळावर घाम आला. जगन पाठ चोळायला धावला.

"अवो, मग घेतला कशापायी?" भामाबाई घाबरली.

"मी आधीच सांगितलं होतं ना मावशी, ऑपरेशन झालंय म्हणून."

"सांगितलंत की. ऐकलं म्या." ती त्यांच्याजवळ खाली बसली आणि पदरानं वारा घालू लागली. "पर आमच्या दारात आलं, की समद्यांचंच पोट दुखतं, सायेब. त्यात कुनाचं खरं मानायचं?"