गुलाल लागलेल्या गोळ्या

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं नाही, जगण्यावरचा उडाला होता. किडन्या हळूहळू काम सोडत होत्या आणि मी त्यांच्या आधीच सोडलं होतं. कागलच्या एमआयडीसीत स्टोअर सांभाळणारा मी बडबड्या माणूस. तोच मी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायला लागलो. कुणी विचारलंच तर म्हणायचो, "सगळं जोतिबावर सोडलंय." वाक्य इतकं झकास होतं की गल्ली मला भक्त समजू लागली. शेजारच्या काकू येता-जाता हात जोडायच्या. पाया पडल्या नाहीत, हे नशीब.

किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र रिपोर्टपेक्षा माझ्या तोंडाकडंच जास्त वेळ पाहिलं होतं. झोप लागते का, कशात मन रमतं का, असं विचारलं. मी म्हणालो, "एकदम बेस्ट!" कोल्हापूरच्या माणसानं उदास वाटतंय म्हणणं म्हणजे भर मैदानात पाठ टेकणं. त्या शांतपणे म्हणाल्या, किडनी थकली की मन खचतं, आणि मन खचलेला माणूस गोळ्या नि पथ्य सोडतो, मग किडनी आणखी खचते. दोघं एकमेकांना विहिरीत ओढतात. त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, तिथं आणखी एक गोळी मिळाली. सगळी पाकिटं मी कपाटावर टाकली.

एका रविवारी बायकोला म्हणालो, जोतिबाच्या डोंगरावर जाऊन येतो. तिला बरं वाटलं, तिनं नारळ आणि गुलाल पिशवीत भरून दिला. गोळ्यांची पाकिटं मी गुपचूप त्यातच सरकवली. देवाच्या पायावर वाहायची आणि मोकळं व्हायचं, असं ठरवलं होतं. गोळ्या कायमच्या थांबल्यावर पुढं काय होणार, हे मला ठाऊक होतं. तेच हवं होतं.

रांगेत "जोतिबाच्या नावानं" अशी हाळी उठली की सगळे "चांगभलं!" म्हणून गर्जायचे. माझ्या तोंडून आवाज फुटेना. गाभाऱ्यापाशी पिशवी पुढं केली. गुरवानं नारळ काढला, मागोमाग पाकिटं निघाली.

"पावणं, ह्ये काय?"

"वाहिलं देवाला."

"देवाला काय बीपी हाय व्हय?"

रांग हसली. मागची बाई ओरडली, "अवो आटपा की! दवाखाना काढताय व्हय हितं?" एरवी सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो असतो. हसायला गेलो आणि रडू फुटलं, भर गर्दीत, लहान पोरासारखं. गुरवानं पाकिटं देवाच्या पायांना लावली, वर चिमूटभर गुलाल टाकला आणि फोडलेल्या नारळाच्या वाटीसोबत माझ्या ओंजळीत ठेवली.

"घ्या. परसाद हाय. टाकायचा न्हाय, आं." एवढं बोलून तो पुढच्या माणसाकडं वळला.

झाली का पंचाईत! प्रसाद टाकत नाहीत, कपाटावर धूळ खात ठेवत नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. प्रसाद खायचाच असतो.

घरी बायकोनं ती गुलाबी पाकिटं पाहिली. "जगावंसं वाटत न्हाय गं," मी पहिल्यांदाच खरं बोललो. ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आदी बोलायचं न्हाय व्हय?" आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. नारळ माझ्या पथ्यात बसत नव्हता, तो काकूंकडं गेला. दुसऱ्या दिवशी बायकोनं मला दोन्ही डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं.

किडनी काही पहिल्यासारखी झाली नाही. उद्या डायलिसिसही लागेल. उदास सकाळी अजून येतात. त्या गुरवाला मी आठवतही नसेन, पण त्याच्या हातून माझं जगणं मला कुणी परत दिलं, याचा मी आता खल करत नाही. देवावर सोडलंय म्हणत मी स्वतःला टाकून देत होतो. सोपवायचं म्हणजे रिकामी ओंजळ पुढं धरायची आणि जे पडेल ते मुकाट घ्यायचं, एवढंच मला उमगलंय.

सकाळी स्वयंपाकघरातून बायको हाळी देते, "जोतिबाच्या नावानं!" मी "चांगभलं" म्हणतो आणि गोळी गिळतो. कधीकधी माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. मग ती पुन्हा हाळी देते.